नंबराला लावलेली घागर

लातूर,
शुक्रवार, ता. ११ फेब्रुवारी १९८३

निवृत्ती,

जयभीम घे. आशीर्वाद शेवटी देते, आधी भांडण करते.

तुला लिहायला पोस्टकार्डच सापडलं का? पाच वर्षांत थोरल्या बहिणीला पहिलं पत्र टाकलंस, ते बी उघडं. आमचा पोस्टमन गुरुपादप्पा ते गल्लीच्या तोंडापासून वाचत आला. शेजारच्या धुरपताबाईच्या ओट्यावर टेकला, तिला वाचून दाखवलं, अन् मग माझ्या हातात देऊन म्हणतो कसा, मावशी, धर्माबादचं स्थळ हातचं सोडू नका. म्हणजे माझ्या लेकीचं स्थळ मला कळायच्या आधी पोस्टमनला पसंत पडलं.

अन् लिहिलंस काय, तर "विशाखा रात्री-बेरात्री बाहेर असते असे कानावर आले. सतरा सरली. वेळेत उजवून टाक." कुणाच्या कानावर आलं रे? तू नांदेड-लातूर गाडीवर कंडक्टर. तिकीट फाडता फाडता लोकांचं ऐकतोस. एसटीत बसलं की माणसाला घरातलं सोडून दुसऱ्याच्या घरातलं आठवतं. तेच तू ऐकलंस अन् खरं मानलंस. गाडी लातूरच्या स्टँडवर अर्धा तास उभी असती. स्टँडपासून माझं घर वीस मिनिटांवर हाय. तुला यायला पाच वर्षांत फुरसत झाली न्हाई, पण लिहायला झाली.

विशाखा रात्री बाहेर असती, हे खरं हाय. कुठं असती ते ऐक. पाण्याच्या नंबराला असती.

गेल्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. बाजे वाजले, पेढे वाटले, मी बी एक खाल्ला. आता रस्त्यानं जीपा पळतात, दर दुसऱ्या घरात उस्मानाबादहून बदलून आलेला कारकून भाडेकरू हाय, अन् नळाला मात्र पाणी न्हाई. पाऊस दगा देऊन गेला, आडानं दिवाळीतच तळ दाखवला. टँकर कधी आठला येतो, कधी अकराला, कधी येतच न्हाई. सांजच्याला सहापासून बाया घागरी मांडतात. घागर मांडली की नंबर लागला. ती जाग्यावर हाय तोवर तुझी जागा कुणी घेत न्हाई. लाइन पुढं गेली की आपली आपण सरकवायची. घरच्या माणसानं उचलली की नंबर गेला, मग साहेबाची बायको आली तरी तिनं शेवटून लागायचं. असा कायदा हाय गल्लीचा, अन् तो सरकारी कायद्यापेक्षा पक्का हाय.

मी दारातून बघते. अंधारात माणसं ओळखू येत न्हाईत, पण आपली पितळी घागर खांबाच्या उजेडात चमकती. आठला ती गिरणीपाशी असती, नऊला खांबाखाली, दहाला पार पुढं. घागर काय आपोआप चालती का? बारावीचं वर्ष, चौदा मार्चला पेपर सुरू, अन् माझी लेक चार-चार तास पाण्यासाठी ताटकळती. तिला शाबासकी द्यायची सोडून तुम्ही तिला उजवायला निघालात.

अन् रात्रीचं बाहेर असणाऱ्या बाईबद्दल मला तू शिकवू नकोस. तुझे दाजी गेले तेव्हा विशाखा पाच वर्षांची होती. दवाखान्यात आया म्हणून लागले, बारा वर्षं रातपाळ्या केल्या. माझ्याबद्दल बी लोक असंच बोलले. तेव्हा तू माझ्याच घरात राहून, माझ्याच हातची भाकरी खाऊन शाळा शिकलास. तेव्हा तुझ्या कानावर काही आलं न्हाई वाटतं.

धर्माबादचा तो आडतीवरचा मुनीम तुझ्याकडंच ठेव. माझी लेक बारावी करंल, मग डी.एड. करंल, मास्तरीण होईल.

तुला, भावजयीला अन् मी अजून न बघितलेल्या तुझ्या लेकीला आशीर्वाद. पुढचं पत्र बंद पाठव.

पंचफुला


लातूर,
शुक्रवार, ता. २५ फेब्रुवारी १९८३

निवृत्ती,

तुझं अंतर्देशीय पत्र मिळालं. या वेळी चिकटवलंस, एवढं तरी शिकलास.

तुझ्या गाडीचा ड्रायव्हर वीरभद्र यानं विशाखाला रात्री साडेदहाला रेल्वे स्टेशनच्या ओट्यावर बसलेली बघितली, असं तू लिहिलंस. वाचून मी चिठ्ठी चुलीत घालणार होते. वीरभद्र चांगला माणूस हाय, जाता-येता विचारपूस करतो. पण अंधारात तो बी चुकू शकतो, म्हटलं. तुला सडेतोड लिहायला बसले बी होते. मग लिहिलं न्हाई. का ते सांगते. तुला सांगायची माझी इच्छा न्हाई, पण दुसरं कुणी हाय का मला सांगायला?

परवा, बुधवारी, मी घरी होते. नऊ वाजले. म्हटलं पोरगी उपाशी उभी हाय, भाकरी-पिठलं नेऊन द्यावं. फडक्यात बांधून गेले. घागर खांबाखाली, आपल्या जाग्यावर. विशाखा न्हाई. पुढच्या बाईला विचारलं, ती म्हणाली आत्ताच एकीला गेली. मी उभी राहिले. दहा मिनिटं गेली. मागच्या बाईला विचारलं, ती म्हणाली डोकं दुखतंय म्हणून गोळी आणायला गेली. तिसरी म्हणाली मैत्रिणीकडं वही आणायला. एकीला काय, गोळी काय, वही काय. सगळ्यांनी एक ठरवून तरी सांगायचं.

तेवढ्यात लाइन हलली. अन् धुरपताबाईनं, माझ्याशी बोलता बोलता, आपली घागर सरकवली अन् त्याच पायानं माझी बी सरकवली. इतक्या सवयीनं, की तिला स्वतःला कळलं न्हाई काय केलं ते. मला कळलं. महिनाभर मी दारात उभी राहून जी घागर चालताना बघत होते, ती धुरपताबाईच्या पायानं चालत होती.

मला असा संताप आला. मी घागर उचलली अन् ओरडले की सांगा, माझी पोरगी कुठं हाय? तीस-चाळीस बायांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं. बघ, लाइनीतल्या चार बायांना माहीत होतं, अन् त्यांनी झाकून ठेवलं होतं. बाकीच्यांना मी सांगितलं. माझ्या तोंडानं, गल्लीच्या मधोमध उभं राहून. तुझ्या पोस्टकार्डानं जे झालं न्हाई ते मी एका ओरडण्यात केलं. वर घागर उचलली म्हणून नंबर गेला. पाव तासात टँकर आला अन् सगळ्यांनी पाणी भरलं, मी रिकामी घागर कडेवर घेऊन बघत राहिले. कुणी दोन तांबे दिले असते, पण मागायला मला तोंड राहिलं नव्हतं.

मग ती आली. स्टेशनकडून, तीन पोरींसंगं, हसत. दवाखान्यातल्या परिचारिका चंद्रप्रभाबाईंची इंदू बी त्यात होती. त्या भल्या घरच्या, मी काय बोलणार त्यांना. घरी आणून विचारलं, कुठं जातीस. म्हणाली, स्टेशनच्या ओट्यावर. रेल्वेची छोटी गाडी गेली की तिथं कुणी नसतं. कोण असतं संगं? पोरी असतात. पोरगा? एकीचा भाऊ असतो, तो रेडिओ आणतो. तिथं करता काय?

"काही न्हाई, आई. बसतो."

निवृत्ती, मी सगळ्याची तयारी केली होती. पोरगा हाय म्हणाली असती तर काय करायचं, सिनेमा म्हणाली असती तर काय बोलायचं. अभ्यास म्हणाली असती तर माफ बी केलं असतं. पण काही न्हाई? काही न्हाई करायला कुणी रात्री घराबाहेर जातं का? मी म्हटलं, नुसतं बसायचं तर घरात बस. तर म्हणती कशी, घरात बसलं की तू काहीतरी सांगतीस. तिथं तासभर मला कुणी काही सांगत न्हाई.

मी दोन शब्द बोलले. ती रडली अन् झोपली. आता ताळ्यावर हाय. मी नंबराला स्वतः उभी राहते, ती सातच्या आत घरात असती, पुस्तक उघडून बसती. बोलत न्हाई, पण बोलून तरी काय दिवे लावणार होती. धुरपताबाईशी मी बोलणं बंद केलंय. चार बायांना आपल्या पोटची पोरगी माहीत, अन् आईला न्हाई, याला काय म्हणावं?

तू म्हणशील, मी सांगत होतो. म्हण. तरी धर्माबादला माझा नकारच हाय.

पंचफुला


लातूर,
गुरुवार, ता. ३ मार्च १९८३

निवृत्ती,

हे वीरभद्रच्या हाती देऊन राहिले, टपालाला वाट बघत बसण्याइतका दम माझ्यात न्हाई. विशाखा तुझ्याकडं आली का, एवढं त्याच्याच हाती उलट लिहून पाठव. काल पहाटेच्या गाडीत ती नांदेडला बसली असं त्यानं मला आज सांगितलं. कालच सांगितलं असतं तर त्याचं काय गेलं असतं? पण त्याला वाटलं मीच धाडली. कोणती आई बारा दिवसांवर पेपर असताना धाडील?

मंगळवारी मला रातपाळी नव्हती. ती साडेसातला म्हणाली, इंदूकडून नोट्स आणते, अर्ध्या तासात येते. साडेदहाला आली. मी दारातच होते. विचारलं, अर्धा तास झाला का? ती म्हणाली, आई, मी विचारलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस का? तोंडावर असं बोलली. मी आत गेले अन् दाराला कडी लावली. ठोकंल, म्हटलं. दोन मिनिटं बाहेर उभी राहिली म्हणजे कळंल. पाव तासानं उघडलं तर ती न्हाई.

अन् गेल्या पत्रात मी दोन शब्द बोलले असं लिहिलं. दोन शब्द न्हाईत. लाइनीसमोर तिला थोबाडीत मारली, सगळ्या बायांदेखत. ती रडली न्हाई. तेच मला सहन झालं न्हाई.

तिचं हॉल तिकीट इथं घरातच हाय. पुस्तकं बी. ती तुझ्याकडं असली तर जेवू घाल, काही विचारू नको. नसली तर सांग, म्हणजे मी पोलीस ठाण्यात जाते, मग इज्जतीचं काय व्हायचं ते होवो.

अक्का


लातूर,
सोमवार, ता. ७ मार्च १९८३

निवृत्ती,

ती तुझ्याकडं हाय हे वाचलं, अन् ते वीरभद्रला दोनदा वाचून दाखवलं. त्याला चहा पाजला. तोवर तुझ्यावर माया आली होती. मग पुढचा कागद वाचला.

रविवारी, तेरा तारखेला, धर्माबादचे लोक पोरगी बघायला येणार. "पोरीने नाही म्हटले नाही."

तुला अक्कल कुणी दिली? न्हाई म्हणली न्हाई, म्हणजे हो म्हणली का? ती तुझ्या घरात हाय, तुझ्या ताटात जेवती, आईनं कडी लावलेली पोरगी हाय. ती न्हाई कोणत्या तोंडानं म्हणंल? तुला ती पदरात घ्यायला सापडली, का डोक्यावरचं ओझं उतरवायला सापडली? अन् तेरा तारीख. चौदाला सकाळी तिचा पेपर लातूरला हाय, हे तुला मी दोनदा लिहिलं. का मुद्दाम धरली ती तारीख? पेपर बुडला की पुढचं सगळं आपोआप बुडतं, मग मुनीम काय अन् कुणी काय, सारखंच.

तू लिहिलंस, अक्का, तुझ्याच्यानं ती सांभाळली गेली न्हाई. हे शब्द माझ्या काळजात घुसले, कारण ते खोटे न्हाईत. म्हणून आता मी बी खरं लिहिते.

पाव तासानं दार उघडलं असं मी लिहिलं होतं. ते खोटं हाय. मी कडी लावली अन् खाटेवर बसले. ती ठोकंल म्हणून कान देऊन बसले. तीन रातपाळ्या अंगात होत्या. माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा चार वाजले होते, अन् मी उघडलं. लेक दाराबाहेर असताना मला झोप लागली, निवृत्ती. हे मी धुरपताबाईला सांगितलं न्हाई, तुझ्या दाजीच्या फोटोसमोर बी कबूल केलं न्हाई. तुला लिहिलं.

अन् तुझं बी लिहिते, म्हणजे एकदाच होऊन जाईल. तू वीस वर्षांचा होतास. नामांतराच्या सभांना जायचास, रात्री बाराला यायचास. त्या दिवसांत मराठवाड्यात आपल्या माणसांचं काय काय झालं ते तुला बी माहीत हाय. दवाखान्यात मी काय बघितलं ते मी तुला कधी सांगितलं न्हाई. तू बाहेर असलास की मी दारात वाट बघत बसायचे, अन् तू आलास की त्याचा राग व्हायचा. भीती वाटती हे मला बोलता येत न्हाई, रागवता तेवढं येतं. म्हणून एका रात्री तुला बी कडी लावली. तू न ठोकता निघून गेलास, नांदेड गाठलंस, लग्न केलंस, मला बोलावलं न्हाई. मी पाच वर्षं लोकांना सांगत आले की भाऊ गर्विष्ठ निघाला.

आता ऐक. बुधवारी मला सुट्टी हाय. मी येते. तुझ्याच गाडीत बसते, म्हणजे तुला मला तिकीट द्यावं लागंल अन् तोंड चुकवता येणार न्हाई. धर्माबादला निरोप पाठव की पोरगी बघायची न्हाई. तू पाठवणार नसलास तर पत्ता दे, मी पाठवते, अन् पोस्टकार्डावर पाठवते.

अक्का


लातूर,
शनिवार, ता. १२ मार्च १९८३
रात्री नऊ

निवृत्ती,

पोचली की दोन ओळी टाक म्हणालास. अजून पोचली न्हाई, तरी लिहून राहिले. हातांना काही काम न दिलं तर हे पाय स्टँडकडं चालू लागतील, अन् तसं न करायचं मी कबूल केलंय.

बुधवारी तुझ्या घरी जे बोलायचं ते राहिलं, कारण भावजय समोर होती अन् मला अनोळखी घरात ओरडायची लाज वाटली. पहिल्यांदा तिच्या हातचं जेवले. चांगली बाई हाय. तिला सांग, वरणात मीठ जरा कमी घाल. तुझी लेक माझ्या मांडीवर झोपली अन् मला उठू देईना, ते एक बरं झालं.

विशाखा माझ्याशी चांगली बोलली. इतकी चांगली, की परक्याशी बोलावं तसं. हॉल तिकीट हातात दिलं, तिनं घेतलं, पिशवीत ठेवलं. मी म्हटलं, चल, दुपारची गाडी हाय. ती म्हणाली, मी शनिवारी येईन. का? तर इथं अभ्यास होतोय. मी म्हटलं, मामानं तुला सांजच्यानंतर अंगणात बी उभं राहू दिलं न्हाई असं भावजय सांगती, अन् तुला इथं बरं वाटतं? ती म्हणाली, बरं न्हाई वाटत. पण तुझ्यासंगं गेले की सगळी गल्ली म्हणंल, आईनं धरून आणली. मी माझी येते. चारच्या गाडीनं निघते, नऊपर्यंत पोचते. तू स्टँडवर येऊ नकोस. अन् उशीर झाला तर कुठं होतीस विचारू नकोस. एवढं जमलं तर मी घरी येते. न्हाईतर सोमवारी पेपर देईन, पण इंदूकडं राहून देईन.

असं बोलायला ती कुणाकडून शिकली? माझ्याकडून तर न्हाईच. मी तिच्या वयाची होते तेव्हा माझ्या कडेवर ती होती अन् मला कुणी विचारलं बी न्हाई की तुला कुठं जायचंय. मला तिथंच तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. मी बरं म्हटलं. तुझ्यासमोर म्हटलं, तू साक्षीला हायस.

मग तू मला स्टँडवर सोडायला आलास. गाडीत बसले, अन् तू खिडकीपाशी उभा राहून बोललास. रागात न्हाई, तिकिटाचे पैसे सांगावेत तसं.

"अक्का, त्या रात्री मी गेलो न्हाई. दारातच बसलो होतो, चार वाजेपर्यंत."

मी पाच वर्षं समजत होते की तू कडीचा आवाज ऐकून तोऱ्यात निघून गेलास. तू दाराच्या त्या बाजूला होतास. मी बी या बाजूला जागीच होते, निवृत्ती. त्या रात्री माझा डोळा लागला नव्हता. ठोकलंस तर उघडीन म्हणून बसले होते. तू का ठोकलं न्हाईस हे विचारायच्या आत गाडी सुटली, अन् विचारायचं कुणी कुणाला, ते बी मला अहमदपूरपर्यंत कळलं न्हाई.

धर्माबादला तू निरोप धाडलास असं वीरभद्रनं सांगितलं. बरं केलंस. तुला वाटलं असंल लवकर उजवली की पोरगी असल्या दाराबाहेर बसायची न्हाई. तुझं चुकलं, पण का चुकलं ते मला कळतं.

साडेनऊ झाले. गाडी वेळेवर असती तर आत्ता पोचायला पाहिजे.

दहा. धुरपताबाई येऊन गेली. आज टँकर आला होता, तिनं माझी घागर भरून आणली, मी न सांगता. दोन आठवड्यांत पहिल्यांदा बोललो. पोरगी आली का म्हणाली. मी म्हटलं येईल. ती म्हणाली, स्टँडवर जाऊन बघू का? मी म्हटलं, बस खाली. तिनं मग सांगितलं की महिनाभर घागर तीच सरकवत होती. विशाखानं म्हणे कधी विनवणी केली न्हाई. पहिल्या दिवशी नुसतं विचारलं, मावशी, तासभर बघता का? हिनं बघितलं. मी म्हटलं, मला का सांगितलं न्हाईस? तर म्हणती, तू विचारलंस का कधी? तू तर दारातून बघत होतीस. तिच्या या बोलण्याचा बी मला राग आला, पण पाण्याची घागर समोर होती.

सव्वादहा. चपला घातल्या होत्या. काढल्या. गाडी बिघडली असंल का? वीरभद्र गाडीवर असला तर त्यानं निरोप दिला असता. आज त्याची पाळी हाय का ते मी विचारून ठेवायला पाहिजे होतं. स्टेशनच्या ओट्यावर गेली असंल तर? पिशवी घेऊन, पाच तासांचा प्रवास करून, परवा पेपर असताना, नुसतं बसायला? अशी कशी पोरगी ही. अन् तिथं न्हाई गेली तर कुठं हाय? दवाखान्यात रात्री आणलेली माणसं मी बघितली हायत. ते डोळ्यापुढून जाईना.

साडेदहा. दार सताड उघडं टाकलंय, डास आत येऊन राहिले.

पावणेअकराला आली. एकटी, चालत. पिशवी खुंटीला लावली, हातपाय धुतले, भाकरी खाल्ली, दुसरी मागून घेतली. सकाळी लवकर उठव म्हणाली. गाडी कधी आली, मधला वेळ कुठं होती, ते तिनं सांगितलं न्हाई, मी विचारलं न्हाई. तिनं दोनदा माझ्या तोंडाकडं बघितलं, विचारती का म्हणून. मी कालवण वाढलं. आता झोपली हाय.

मला लई राग आलाय, निवृत्ती. दात-ओठ खाऊन गप बसले हाय, अन् हे गप बसणं रातपाळीपेक्षा जड हाय. पण हेच मला तुझ्या वेळी जमलं असतं, तर तू पाच वर्षं लातूरच्या स्टँडवरून माघारी गेला नसतास.

अक्का